सरळ रेषेत नागपूर

मुंबईहून नागपूर किती लांब, या प्रश्नाला महाराष्ट्रात एक उत्तर नाही. ट्रॅव्हल्सवाला ७०१ किलोमीटर म्हणतो, कारण समृद्धी महामार्गाची लांबी तेवढी. रेल्वेच्या हिशेबात ते अंतर ८३७ किलोमीटर आहे. विमानाचा बोर्डिंग पास किलोमीटर सांगतच नाही, फक्त वेळ सांगतो. आणि नागपूरच्या धरमपेठेतल्या एखाद्या काकांना विचारलं, तर ते दोन्ही सोडून म्हणतात, "लांब म्हणजे काय, लांबच आहे!" या लेखापुरतं मी काकांचं उत्तर बाजूला ठेवलं आणि आकड्यांच्या मागे लागलो. आकडे खोटे नाहीत. पण प्रत्येक आकडा कुणीतरी कशासाठी तरी मोजलेला आहे, आणि ते ‘कशासाठी’ कळलं की नागपूर थोडं वेगळ्या जागी दिसायला लागतं.

सुरुवात सगळ्यांत लहान आकड्यापासून. मुंबईच्या विमानतळापासून नागपूरच्या सोनेगावपर्यंत पृथ्वीच्या गोलाईवरून दोरी ताणली, तर ती सुमारे ६८३ किलोमीटर भरते. वैमानिक नॉटिकल मैलांत बोलतात, त्यांच्या भाषेत ३७०च्या आसपास. नकाशावर ही दोरी धरून बघण्यात मजा आहे. अंबरनाथवरून निघते, माळशेज आणि हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावरून घाट ओलांडते, संगमनेरच्या शेजारून, छत्रपती संभाजीनगरच्या जवळपास डोक्यावरून, मेहकरला उजव्या हाताला ठेवून धामणगाव रेल्वेपाशी पोचते आणि तिथून नागपूर. पूर्वेला जाताना उजव्या खिडकीत बसलात आणि हवा स्वच्छ असली, तर पैठणचा नाथसागर दूरवर चकाकताना दिसतो.

एअरबस ३२० जातीचं विमान उंचीवर ताशी साधारण ८३० किलोमीटरनं जातं. भागाकार केला तर ६८३ किलोमीटरला पन्नास मिनिटंही लागत नाहीत. वेळापत्रकात मात्र दीड ते पावणेदोन तास लिहिलेले असतात. म्हणजे विमान जितका वेळ खरोखर नागपूरकडे धावतं, जवळजवळ तितकाच वेळ ते दुसरंच काहीतरी करत असतं.

दुसरं म्हणजे काय? पहिलं म्हणजे ते उलट्या दिशेला उडतं. मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो आणि विमानाला उडताना वारा समोरून लागतो. त्यामुळे मुख्य धावपट्टीवरून उड्डाण बहुधा पश्चिमेकडे, जुहूच्या दिशेनं. नागपूर पूर्वेला. विदर्भातला माणूस घरी जायला निघतो आणि पहिल्या मिनिटाला अरबी समुद्रावर असतो. मग वळण, मग परत किनाऱ्यावर, मग चढण. येताना हाच वारा सोयीचा पडतो: विमान पूर्वेकडून, ठाण्याच्या खाडीवरून, घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून जवळपास सरळ उतरतं.

दुसरं, ते रांगेत उभं राहतं. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान असताना दुसरीवर दुसरं सोडता येत नाही, म्हणून कामाला एका वेळी एकच. ८ डिसेंबर २०१८ला या एवढ्याशा व्यवस्थेतून चोवीस तासांत १००७ विमानं चढली-उतरली. म्हणजे सरासरी दर ८६ सेकंदांना एक, आणि तेही रात्रीची शांत वेळ धरून. असल्या ठिकाणी दोन मिनिटांचा उशीर दोन मिनिटांचा राहत नाही. तो मागच्या प्रत्येकाला थोडा थोडा वाटला जातो, आणि परतीची विमानं आकाशात गोल फिरत राहतात.

कंपन्यांना हे ठाऊक असतं. वेळापत्रकातला काळ हा उडण्याचा काळ नसतोच. चाकांना लावलेले ठोकळे इथे काढल्यापासून तिथे पुन्हा लावेपर्यंतचा तो काळ: ढकलगाडीनं मागे सरणं, धावपट्टीपर्यंत रांगणं, रांग, उड्डाण, उतरणं, पुन्हा रांगणं, सगळं त्यात आलं. त्यावर थोडा हात सैल सोडलेला असतो. ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान हिशेबात वेळेवरचं धरतात, आणि दर महिन्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालय कोण किती वेळेवर होतं याचे आकडे काढतं. सैल हात असला की गुण चांगले मिळतात. नागपूरला ‘आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचलो आहोत’ अशी घोषणा होते आणि प्रवासी खूश होतात. ती वीस मिनिटं मुंबईची रांग गृहीत धरून आधीच तिकिटात घातलेली होती. त्या दिवशी रांग नव्हती, इतकंच. हे मला लबाडीचं वाटत नाही, पण ‘दीड तासात नागपूर’ हे वाक्य नागपूरच्या अंतराबद्दल कमी आणि मुंबईच्या गर्दीबद्दल जास्त बोलतं.

वाऱ्याचीही एक गंमत आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो आणि त्याची दक्षिणेची कड आपल्यापर्यंत येते. त्या दिवसांत नागपूरला जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर. पावसाळ्यात चित्र उलटतं. खाली नैऋत्येचे ढग धावत असतात, पण वर, विमानांच्या उंचीला, वारा पूर्वेकडून पश्चिमेला वाहतो. या पूर्वेकडच्या उष्णकटिबंधीय झोताचा शोध भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी पन्नाशीच्या दशकात लावला. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये नागपूरहून मुंबई किंचित जवळ येते आणि जानेवारीत मुंबईहून नागपूर. फरक काही मिनिटांचा, पण अंतर बारा महिने सारखं नसतं हे खरं. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदाच बदलतं, मार्चच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी, आणि त्या तारखा युरोपातल्या घड्याळं मागेपुढे करण्याच्या दिवसांवरून आलेल्या आहेत. आपला मोसमी वारा त्यांना कुणी विचारत नाही.

उन्हाळ्यात सोनेगावला तिसराच प्रश्न. पारा ४५च्या पुढे गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला जमीन सोडायला धावपट्टीचा जास्त तुकडा लागतो. तिथली धावपट्टी ३२०० मीटरची आहे, त्यामुळे निभावतं. मे महिन्यात दुपारी नागपुरातून निघालेल्या विमानाची धाव मुद्दाम लक्ष देऊन मोजा. लांबते.

आता रेल्वे. ८३७ आणि ६८३ यांच्यातल्या १५४ किलोमीटरचं कारण डोंगर हे असेल असं वाटतं. कसाऱ्याचा घाट आहेच, आजही तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. पण मोठं कारण कापूस आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनं १८५३मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी चालवली. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रूळ इगतपुरीहून सरळ पूर्वेला मराठवाड्यात न जाता ईशान्येला खानदेशात गेले, भुसावळवरून वऱ्हाडात शिरले, खामगाव आणि अमरावतीसारख्या बाजारांना फाटे फुटले आणि १८६७मध्ये गाडी नागपूरला पोचली. गाठोडी बंदरापर्यंत आणायची होती, माणसं नागपूरला न्यायची नव्हती. आज दुरांतोमध्ये रात्री झोपून सकाळी अजनीचे दिवे बघणारा माणूस दीडशे वर्षांपूर्वीच्या कापूस दलालाच्या सोयीनं वळसा घालून आलेला असतो.

त्या काळात या प्रवासाला आणखी एक अंतर होतं, घड्याळाचं. १ जानेवारी १९०६पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईनं ती सहजासहजी मानली नाही. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे असलेला ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५पर्यंत टिकून होता. प्रमाणवेळेपेक्षा तो ३९ मिनिटांनी मागे. नागपूरहून गाडीनं आलेल्या माणसाच्या खिशातलं घड्याळ आणि मुंबईच्या रस्त्यावरचं घड्याळ जुळत नसे. आज दोन्हीकडे एकच वेळ आहे. पण सूर्य तो कायदा मानत नाही. नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला, त्यामुळे तिथे ऊन पंचवीस मिनिटं आधी येतं आणि संध्याकाळही आधी होते. डिसेंबरात मुंबईहून गेलेल्यांना साडेपाचलाच अंधारायला लागलेलं चमत्कारिक वाटतं.

या सगळ्या आकड्यांत एक गोष्ट समान आहे: टोक मुंबईत आहे. अंतर मुंबईपासून मोजलेलं, रूळ मुंबईकडे नेणारे, मिनिटं मुंबईच्या धावपट्टीनं ठरवलेली. नागपूर लांब आहे ते या टोकापासून. एकदाच असं झालं की कुणीतरी दोरीचं टोक नागपुरात रोवलं, आणि तेव्हा हे शहर देशातलं सगळ्यांत जवळचं ठरलं.

जानेवारी १९४९ची गोष्ट. दळणवळण खातं रफी अहमद किडवाईंकडे होतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांमध्ये टपाल एका रात्रीत फिरवायचं होतं. प्रत्येक शहरातून बाकीच्या तिन्ही शहरांना स्वतंत्र विमान सोडलं, तर बरीच विमानं लागतात आणि अर्धी रिकामी उडतात. नकाशा बघितला तर मध्ये नागपूर. मुंबईहून सरळ रेषेत ६८३ किलोमीटर, दिल्लीहून साधारण ८५०, मद्रासहून ९००, कलकत्त्याहून हजाराच्या आत. डकोटा विमान ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास जायचं, म्हणजे चारही दिशांनी अडीच ते साडेतीन-चार तासांचं उड्डाण. रात्री चारही शहरांतून एकेक विमान निघे. मध्यरात्र उलटली की चारही सोनेगावला उभी. थैल्या उतरत, तिथल्या तिथे वेगळ्या केल्या जात, ज्या त्या विमानात चढत, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. उतारूही नेत. मुंबईहून मद्रासला जाणारा माणूस अर्ध्या रात्री नागपुरात विमान बदलायचा.

त्याच वर्षी एप्रिलपासून देशातली साधी पत्रंही जादा पैसे न घेता विमानानं न्यायचं ठरलं. म्हणजे हे प्रकरण साहेबांच्या तारा आणि दलालांच्या हुंड्यांपुरतं नव्हतं. मुलाला लिहिलेलं आईचं खुशालीचं पत्रही रात्री नागपूरवरून जाऊ लागलं.

सुरुवातीला खासगी कंपन्यांनी ही सेवा चालवली. धंदा डळमळीत होता, एक कंपनी बसली, दुसरी आली. १ ऑगस्ट १९५३ला राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स जन्मली आणि रात्रीचं टपाल तिच्याकडे गेलं. काम धोक्याचं होतं. आजच्यासारखी रडारं नव्हती, पावसाळ्यात सातपुड्यावरचे ढग आणि खाली मिट्ट काळोख. १२ डिसेंबर १९५३च्या पहाटे नागपूरहून मद्रासकडे निघालेलं डकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळलं. विमानातली १४ पैकी १३ माणसं गेली. सेवा तरीही पुढे दोन दशकं चालली.

तिला संपवलं ते वेगानं. जेट विमानं आली, मुंबई-दिल्ली दोन तासांवर आलं, मध्ये थांबण्याची गरज उरली नाही. सत्तरच्या दशकात नागपूरची मध्यरात्र पुन्हा शांत झाली. आणि याच सुमारास, १७ एप्रिल १९७३च्या रात्री, अमेरिकेत मेंफिसच्या विमानतळावर फेडरल एक्सप्रेस नावाच्या नव्या कंपनीनं १४ छोटी विमानं २५ शहरांसाठी सोडली. सगळी पुडकी रात्री एका ठिकाणी आणायची, वेगळी करायची, पहाटेच्या आत परत पाठवायची. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ही कल्पना क्रांतिकारक म्हणून शिकवतात. सोनेगावला ती चोवीस वर्षं जुनी होती. मिहान या नागपूरच्या विमानतळ-मालवाहतूक प्रकल्पाची जाहिरात करताना नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचं नव्या शोधासारखं सांगितलं जातं, तेव्हा मला या थैल्या आठवतात. हा शोध डाक खात्यानं आधीच लावलेला आणि चालवून दाखवलेला आहे.

मध्य म्हटलं की झिरो माइलचा दगड निघतोच. चार घोडे, खांब, फोटो. हा भारताचा मध्यबिंदू असल्याचं लोक छातीठोकपणे सांगतात. तो मुळात सर्वेक्षण खात्याचा उंची मोजण्याचा संदर्भदगड आहे. त्यावर कोरलेली अंतरं मात्र वाचण्यासारखी. हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७०, रायपूर १७४, चांदा १२५, शिवनी, छिंदवाडा, बैतूल. मुंबईचं नाव नाही. कोरणाऱ्यांचं चुकलं नव्हतं. तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं आणि त्याचा रोजचा शेजार तोच होता.

तो शेजार एका कायद्यानं बदलला. त्याआधी, २८ सप्टेंबर १९५३ला, वेगवेगळ्या मराठी भागांतल्या नेत्यांमध्ये नागपूर करार झाला. त्यात सरकारनं दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला बसावं आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन तिथे घ्यावं असं कलम होतं. १ नोव्हेंबर १९५६ला राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र झाला. स्वतःचं सचिवालय आणि उच्च न्यायालय असलेलं शहर एका रात्रीत उपराजधानी झालं. करार करणाऱ्यांना अंतराची जाणीव होती, म्हणून तर कलम घातलं. सात-आठशे किलोमीटर कमी करता येत नाहीत, तेव्हा काही दिवस सरकारच उचलून न्यायचं, असा तो तोडगा. डिसेंबरात फायली ट्रकांतून जातात, मंत्री विमानानं, मोर्चे पायी. शेतकऱ्यांचे हिशेब मांडायला ही माणसं तिथे जास्त दिवस का बसत नाहीत, हा काकांचा प्रश्न, आणि त्याला मला पटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

अधिवेशनाच्या आठवड्यात विमानाची तिकिटं बघवत नाहीत. भाडं अंतरावर लावायचं की वेळेवर, याबद्दल सरकारचंही एकमत दिसत नाही. मे २०२०मध्ये टाळेबंदीनंतर विमानं सुरू झाली तेव्हा भाड्याला मिनिटांप्रमाणे मर्यादा घातल्या: ४० मिनिटांपर्यंतचं उड्डाण, ४० ते ६०, ६० ते ९०, असे गट. डिसेंबर २०२५मध्ये एका मोठ्या कंपनीची उड्डाणं शेकड्यांनी रद्द झाली आणि भाडी भडकली, तेव्हा मर्यादा किलोमीटरवर आली. ५०० ते १००० किलोमीटरला जास्तीत जास्त १२ हजार रुपये. मुंबई-नागपूर या गटात बसत होतं. किलोमीटर निदान कुणाला ताणता येत नाहीत, म्हणून मला दुसरी पद्धत बरी वाटते.

दारापासून दारापर्यंतचा हिशेब निराळाच. ठाण्याच्या नौपाड्यातून निघणारा माणूस विमानतळाला तासभर धरतो, पावसाळ्यात दीड. विमानाच्या दीड-दोन तास आधी पोचायचं. मग आकाश. मग सोनेगावला सामानाचा पट्टा, आणि तिथून धरमपेठ पंधरा-वीस मिनिटांत, कारण नागपूरचा विमानतळ शहराच्या जवळच आहे आणि मेट्रोही येते. पाच तास गेले, त्यातले तीन मुंबई महानगरानं खाल्ले. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली आहेत, त्यामुळे पनवेल-खारघरवाल्यांचं गणित बदलेल. बोरिवलीवाल्यांचं बदलणार नाही.

समृद्धी महामार्ग या पाच तासांशीच स्पर्धा करतो. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर खुला झाला, ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा. पूर्वी चौदा-सोळा तास घेणारा रस्ता आठ तासांवर आला. गाडीची वेगमर्यादा ताशी १२०. हा रस्ता आकाशातल्या त्या सरळ रेषेच्या बऱ्यापैकी जवळून जातो, शिर्डी, जालना, मेहकर, कारंजा. इतका सरळ रस्ता माणसाला गुंगी आणतो. १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या ट्रॅव्हल्सला आग लागून २५ जण गेले. वाचलेल्या तासांचा हिशेब मांडताना हा आकडाही मांडायला हवा.

नागपूरच्या अलीकडे अमरावती. १६ एप्रिल २०२५ला बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. सरळ रेषेत अंतर ५४० किलोमीटरच्या आसपास, नागपूरपेक्षा सव्वाशे-दीडशेनं कमी. वेळ पावणेदोन तास, म्हणजे नागपूरइतकाच किंवा जास्त, कारण तिथे पंख्याचं एटीआर विमान जातं आणि त्याचा वेग जेटच्या साठ टक्क्यांच्या आसपास.  तरी बडनेऱ्याहून रेल्वेत रात्र काढण्यापेक्षा बरं.

आणि नागपूरच्या पलीकडे गोंदिया. तिथे बिरसीला चांगली लांब धावपट्टी आहे. मुंबईचा रेल्वेप्रवास नऊशे साठच्या वर किलोमीटरचा, विदर्भ एक्सप्रेस दुपारी निघते आणि सकाळी पोचवते. डिसेंबर २०२३मध्ये गोंदियाहून मोठ्या कंपनीचं प्रवासी विमान सुरू झालं, ते राजधानीच्या दिशेला गेलं नाही. ते गेलं हैदराबादला, आणि तिथून पुढे तिरुपतीला.